कालव्यावर गेलात तर लॉकपाशी थांबा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरची रविवारची पुरवणी हातात आली की मी प्रवासाचं पान आधी उघडते, आणि त्या पानाबद्दलच थोडं लिहायचं आहे. तिथे कालव्यांची शहरं, कालव्यातली बोट राइड, पाण्यात पडलेली घरांची प्रतिबिंबं हे सगळं बऱ्याचदा येतं, फोटो सुंदर असतात, पण कालवा चालतो कसा, तो खणला कुणी, तिथे गेल्यावर नेमकं बघायचं काय, याबद्दल एक ओळ नसते. त्यामुळे लोक बसमधून उतरतात, पुलावर उभं राहून फोटो काढतात, अर्ध्या तासात पुढच्या स्पॉटला जातात. जुना कालवा हे अख्खं एक यंत्र आहे, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं आणि अजून चालू असलेलं, आणि ते चालताना बघितलं नाही तर काहीच बघितलं नाही असं माझं अगदी ठाम मत आहे.

म्हणून पहिली गोष्ट, लॉकपाशी थांबा. तासभर तरी थांबा. लॉक म्हणजे पाण्याची पायरी, दोन दरवाज्यांच्या मधली दगडी भिंतींची एक लांबट टाकी. बोट खालून येते, टाकीत शिरते, मागचा दरवाजा लावतात, मग वरच्या बाजूची झडप किल्लीने फिरवून उघडतात आणि वरचं पाणी आत यायला लागतं, बोट हळूहळू वर उचलली जाते, टाकीतलं पाणी वरच्या पाण्याच्या लेव्हलला आलं की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट वरच्या पातळीवर चालू लागते. पंप नाही, वीज नाही, इंजिन नाही, सगळं काम पाण्याच्या वजनावर. दरवाज्यांची गंमत तर जवळ जाऊनच कळते, दोन पानं बंद झाली की त्यांच्यात कोन होतो आणि कोनाचं टोक वरच्या पाण्याकडे असतं, म्हणजे पाणी जितकं जास्त दाबेल तितकी पानं एकमेकांत घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत चार धडधाकट माणसांनी जोर लावला तरी तो दरवाजा हलत नाही, आणि सारखी झाली की शाळकरी पोरगा लाकडी दांड्याला पाठ लावून तो ढकलतो. मी हे बघितलंय, आणि बघताना आजूबाजूची अनोळखी माणसं आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात हेही बघितलंय.

ही युक्ती कुठून आली तेही वाचकांना सांगायला हवं. चीनमध्ये बीजिंग ते हांगचौ हा ग्रँड कॅनॉल आहे, त्याचे सगळ्यात जुने भाग इसवी सनाच्या आधीचे, 2014 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. तिथे पूर्वी बोटी उतरणीवरून दोरांनी ओढून वर-खाली न्यायचे, त्यात बोटी फुटायच्या, आणि बोट फुटली की त्यातलं सरकारी धान्य आजूबाजूच्या टोळ्या लांबवायच्या. 984 साली छ्याव वेय्‌युए नावाच्या अधिकाऱ्याने यावर उपाय म्हणून दोन दरवाजे थोड्या अंतरावर बांधले आणि मधल्या जागेत पाणी वर-खाली करायला सुरुवात केली. चोरी थांबवायची होती, त्यातून जगभरच्या जलवाहतुकीची पायरी तयार झाली. लॉकपाशी उभं असताना हे माहीत असेल तर बघण्यात फरक पडतो की नाही सांगा.

आता पाणी. लॉकमधून बोट गेली की दर वेळी वरचं पाणी खाली जातं, इंग्लंडमधल्या अरुंद लॉकचं म्हटलं तरी एका खेपेला लाखभर लिटरच्या वर. म्हणजे कालवा डोंगर ओलांडत असेल तर सगळ्यात उंच ठिकाणी सतत पाणी हवं, आणि पाणी तर उंचावर नसतंच. फ्रान्समधल्या कॅनॉल द्यु मिदीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती आहे. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस, पण त्याने काळ्या डोंगरातले ओढे एकत्र करून नोरूझच्या खिंडीत पाणी आणायचं ठरवलं, त्यासाठी सेंट फेरेओलचं मोठं धरण बांधलं, आणि तिथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे सोडलं. 1666 मध्ये राजाची परवानगी, 1681 मध्ये कालवा सुरू, लांबी 240 किलोमीटर, आणि रिके स्वतः 1680 मध्येच गेला, सुरू झालेला कालवा त्याला बघायला मिळाला नाही. टूरवाले बेझिएरजवळच्या फोन्सेरानला नेतात कारण तिथे लॉक जिन्यासारखे एकाला एक जोडून आहेत आणि फोटो छान येतो, जरूर जा, पण जमलं तर नोरूझलाही जा. तिथे दाखवण्यासारखं भव्य काही नाही, झाडं आहेत, पाण्याचा चर आहे, पण अख्ख्या कालव्याचं पाणी तिथून दोन दिशांना फुटतं. आणि मिदीचे लॉक वरून बघा, ते चौकोनी नाहीत, पोट फुगल्यासारखे लंबगोल आहेत, कारण सुरुवातीला सरळ भिंतीचा एक लॉक मातीच्या दाबाने ढासळला आणि मग भिंतींना कमानीसारखा बाक दिला. त्या कालव्याच्या काठची प्लेन वृक्षांची प्रसिद्ध रांग मात्र आता पूर्वीसारखी नाही, बुरशीच्या रोगाने हजारो झाडं कापावी लागलीत, त्यांच्या जागी दुसऱ्या जातीची लावतायत, तेव्हा जुन्या फोटोंतली सावली डोक्यात ठेवून जाऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे ओपन एअर म्युझियम. लोकांना वाटतं ही लहान मुलांसाठी असतात, जुने कपडे घातलेले लोक आणि घोडागाडी वगैरे, वेळ उरला तर बघू. माझं म्हणणं उलटं आहे, आधी म्युझियम बघा आणि मग कालव्यावर जा. इंग्लंडमध्ये डडलीला ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम आहे, तिथे कालव्याचा फाटाच आवारात आहे, आणि शेजारूनच डडली बोगद्यात बोटी जातात. तेव्हा बोटी काठावरचे घोडे दोराने ओढायचे, पण या बोगद्यांमध्ये घोड्याला चालायला वाट नव्हती, मग बोटवाले काय करायचे तर पाठीवर आडवे झोपायचे, पाय बोगद्याच्या भिंतीला लावायचे आणि पायांनी भिंतीवर चालत चालत बोट पुढे ढकलायचे, अंधारात, मैल-दोन मैल. तिथे पर्यटकांना झोपून ते करून बघता येतं. मिनिटभर केलं तरी मांड्या भरून येतात, आणि मग स्टँडएजचा बोगदा पाच किलोमीटरचा आहे, 1811 चा आहे, हे वाक्य वाचल्यावर ते शरीराला समजतं, नुसतं डोक्याला नाही.

एलस्मिअर पोर्टचं नॅशनल वॉटरवेज म्युझियम हेही तसंच, जुन्या गोदीत, लॉक आणि वखारींसकट, 1976 पासून. तिथे जुन्या बोटींच्या केबिन बघायला मिळतात आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. बोट सत्तर फूट लांब पण रुंदी जेमतेम सात फूट, त्यातली बहुतेक जागा मालाला, कोळसा, चिनीमाती, धान्य, आणि मागे दहा फुटांच्या केबिनमध्ये नवरा-बायको-मुलं सगळा संसार. पलंग म्हणजे फळी, दिवसा उचलून कपाट करायची. शेगडी, पितळेचे दांडे घासून लख्ख, लेसचे पडदे, दारांवर गुलाब आणि गड-किल्ल्यांची चित्रं. मुलांना शाळा नाही कारण बोट एका जागी थांबत नाही. बाई एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात मूल. हा संसार बघून झाल्यावर कालव्यावरून कुणी रंगीत बोट घेऊन निवांत चाललेलं दिसतं तेव्हा त्या रंगांच्या मागे काय होतं ते माहीत असतं.

आणि मग काठाने चाला. कालव्याच्या कडेला घोड्यांची वाट असते, ती सपाट असते, चढ फक्त लॉकपाशी, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही ती जमते. चालताना जुन्या पुलांचे कोपरे बघा. तिथे दगडात किंवा कोपऱ्याला लावलेल्या लोखंडी पट्टीत खोल खाचा पडलेल्या दिसतील, हाताचं बोट आत जाईल इतक्या खोल. या खाचा घोड्याच्या दोराने पाडल्यात. ओला दोर, त्याला चिकटलेली रेती, आणि शंभर-दीडशे वर्षं रोज ये-जा, त्याने लोखंड कापलं गेलं. मॅकल्सफील्ड कालव्यावर काही पूल असे वळवून बांधलेत की घोडा एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो पण त्याचा दोर सोडावा लागत नाही, घोडा ज्या पुलावर चढतो त्याच पुलाखालून परत बाहेर येतो. कुणा इंजिनियरने घोडा आणि दोर डोळ्यासमोर ठेवून दगड रचलेत. असं काही शोधून बघण्यात जी मजा आहे ती बोट राइडमध्ये बसून कॉमेंट्री ऐकण्यात नाही.

नेदरलँड्समधल्या एंखाउझनचं झाउडरझे म्युझियम थोडं वेगळ्या जातीचं आहे. तिथे आधी समुद्राचा आत घुसलेला मोठा भाग होता, मासेमारीची गावं होती, 1932 मध्ये आफ्स्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाला आणि समुद्राचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं, पुरापासून लोक वाचले पण गावांचा धंदा गेला. मग त्या गावांमधली घरं, दुकानं, मासे धुरावण्याच्या खोल्या, शिंपल्यांचा चुना भाजायच्या उंच भट्ट्या असं सगळं आणून 1983 मध्ये खुलं म्युझियम सुरू केलं. तिथे होडीने जाता येतं आणि होडीनेच जावं, गाव पाण्यातून जवळ येतं ते बघायला. एखाद्या मोठ्या सरकारी कामाने किती लोकांचं आयुष्य बदललं हे इतक्या साध्या, मायेच्या पद्धतीने सांगणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

यंत्रांची आवड असेल तर आणखी बरंच आहे, थोडक्यात सांगते. पोलंडमधल्या एल्ब्लाँग कालव्यावर बोट पाण्यातून थेट रुळावरच्या गाड्यावर चढते आणि गवताच्या टेकडीवरून वर जाते, पाण्याच्याच जोरावर, असे पाच उतार आहेत. बेल्जियममध्ये कॅनॉल द्यु सांत्रवर 1888 ते 1917 मधल्या बोटींच्या चार लिफ्ट आहेत, पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी टाक्या, एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते. स्कॉटलंडमधलं फॉल्कर्क व्हील हे दोन टाक्यांतून बोटी वर-खाली नेणारं चाक 2002 चं, म्हणजे जुनं नाही, पण तत्त्व आर्किमिडीजचं, बोट आत आली की तिच्या वजनाइतकं पाणी बाहेर जातं, त्यामुळे बोट असो वा नसो दोन्ही टाक्यांचं वजन कायम सारखं आणि एवढं अवाढव्य चाक अगदी कमी विजेत फिरतं. आणि वेल्समधला पाँटकसिल्ट जलसेतू, 1805 चा, 307 मीटर लांब, दरीपासून 38 मीटर उंच लोखंडी पन्हळ, ज्याच्या एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, बोटीतून खाली बघितलं तर थेट नदी. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी तो काठावरूनच बघावा.

युरोपचंच सांगतेय असं वाटू नये म्हणून गंगेच्या कालव्याबद्दल मुद्दाम लिहिते. हरिद्वार ते रुडकी एवढ्याच पट्ट्यात जे बघायला मिळतं ते इंजिनियरिंगच्या पुस्तकात एका धड्यात बसावं असं आहे. डोंगरातून येणारे पावसाळी ओढे कालव्याला आडवे येतात, तर हा कालवा बांधणाऱ्या प्रॉबी कॉटली या ब्रिटिश इंजिनियरने प्रत्येक ओढ्यासाठी वेगळा उपाय केला. राणीपूर आणि पथरीला ओढा कालव्याच्या डोक्यावरून नेला. धनौरीला रतमऊचा ओढा आणि कालवा एकाच लेव्हलला भेटतात, तिथे दरवाजे लावून पुराचं पाणी पलीकडे काढून दिलं. आणि रुडकीला सोलानी नदी आली तेव्हा कालवाच उचलून कमानींवरून नदीच्या वरून नेला, त्याच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह बसलेत. 1854 च्या एप्रिलमध्ये पाणी सोडलं, मुख्य हेतू शेतीचा, पण बोटींचीही सोय केलेली होती. आजही ते पाणी वाहतंय. ओढा वरून, ओढा समोरून, ओढा खालून, या तिन्ही गोष्टी एका दिवसात बघून होतात, आणि हरिद्वारला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी कितीजण मुद्दाम थांबतात? कारण कुणी सांगितलेलंच नाही. हे काम पेपरने करावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक, जे सुंदर फोटोंमध्ये दिसत नाही. कालवे माणसांनी खणलेत, फावड्याने. कॅनडातला रिडो कालवा, 1832 मध्ये पूर्ण झालेला, 202 किलोमीटर, ओटावाला हिवाळ्यात लोक त्यावर स्केटिंग करतात, उन्हाळ्यात तिथले लॉक अजूनही हाताने चाक फिरवून उघडतात, फार देखणी जागा. पण तो बांधताना साधारण हजार माणसं मेली, त्यातली बरीच मलेरियाने, आणि त्यात आयर्लंडहून पोटासाठी आलेले मजूर पुष्कळ होते. त्यांच्या आठवणीसाठी उभे केलेले क्रॉस कालव्याच्या काठी आहेत. रिडोला गेलात तर पाच मिनिटं तिथेही जा.

आणि हे सगळं टिकलंय ते आपोआप नाही. रेल्वे आली, मग ट्रक आले, इंग्लंडमधले कितीतरी कालवे गाळाने भरले, काही बुजवले. हडर्सफील्डचा कालवा 1944 मध्ये बंद करून टाकलेला, त्यावर ठिकठिकाणी बांधकामं झालेली, तरी तिथल्या लोकांनी संस्था काढली, वर्षानुवर्षं गाळ उपसला, सरकारच्या मागे लागले आणि 2001 मध्ये बोटी पुन्हा सुरू झाल्या. केनेट अँड एव्हनचंही तसंच, 1990 मध्ये तो पुन्हा खुला झाला, आणि त्याच्यावरची केन हिलची 29 लॉकची चढण आज लोक लांबून येऊन बघतात. ती बघताना मधल्या सोळा लॉकच्या बाजूला असलेल्या तळ्यांकडे लक्ष द्या, ते लॉक इतके जवळजवळ आहेत की मधे पाणी साठवायला जागाच नाही, म्हणून तळी आडवी काढलीत. म्युझियममधल्या लाकडी बोटींचंही असंच नाजूक असतं, पाण्याबाहेर काढून ठेवल्या तर फळ्या वाळून आकसतात आणि सांधे उघडतात, पाण्यात ठेवल्या तर सडतात, म्हणजे दोन्हीकडून खर्च आणि दोन्हीकडून सतत कुणीतरी हात लावायला हवा. हे हात बहुतेक ठिकाणी रिटायर झालेल्या व्हॉलंटियरांचे असतात. त्यांना प्रश्न विचारा. एक प्रश्न विचारला की ते झडपेची किल्ली तुमच्या हातात देतात.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. हिवाळ्यात बरेच कालवे दुरुस्तीसाठी बंद असतात, मिदीवर आणि इंग्लंडमध्ये तर नक्कीच काही भाग बंद ठेवतात, त्यामुळे बोट चालताना बघायची असेल तर वसंत ते शरद या काळात जा. पण हिवाळ्यातही एक संधी असते, ब्रिटनमध्ये लॉक रिकामा केला की कधीकधी लोकांना खाली उतरून बघू देतात, दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडांवर गवंड्यांच्या खुणा असतात त्या तेव्हाच दिसतात, तारखा आधी बघून ठेवाव्या. लॉकच्या दरवाज्याचा लांब लाकडी दांडा फिरतो तेव्हा त्याच्या वाटेत उभं राहू नका, आणि दांडा आणि पाणी यांच्या मधे तर अजिबात नाही. मुलांचा हात सोडू नका, लॉकच्या भिंती सरळ, निसरड्या असतात आणि आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. स्वतः बोट भाड्याने घेऊन चालवणार असाल तर लॉकमधून खाली उतरताना बोटीचं मागचं टोक वरच्या दरवाज्याजवळच्या दगडी उंबऱ्यापासून पुढे ठेवा, तिथे भिंतीवर पांढरी खूण असते, बोट उंबऱ्यावर अडकली आणि पाणी उतरत राहिलं तर ती पुढून कलंडून बुडते. अशा वेळी आधी झडपा बंद करायच्या, आरडाओरडा नंतर.

तर संपादक साहेब, विनंती अशी की पुरवणीत कालव्यांवर लेख येईल तेव्हा त्यात एवढं तरी असू द्या, कालवा कुठल्या महिन्यात चालू असतो, बसून बघण्यासारखा लॉक कुठे आहे, जवळचं ओपन एअर म्युझियम कुठलं, आणि काठाने किती चालता येतं. शक्य असेल तर लॉक कसा चालतो याची एक आकृती छापा, शाळेतली मुलं ती कापून ठेवतील. आणि गंगेच्या कालव्यावर, हरिद्वार ते रुडकीच्या त्या पट्ट्यावर, एक सविस्तर लेख कुणा जाणकाराकडून लिहून घ्या.

आपली,
एक नियमित वाचक